हडसनकाठचा चित्रकार : फ्रेडरिक एडविन चर्च (१८२६ ते १९००)



चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र काढा' असं फळ्यावर लिहिलं की वह्यांमध्ये काय उमटतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर कौलारू घर आणि आकाशात दोन-दोन कमानींचे पक्षी. गंमत अशी की समुद्राकाठचं मूलही हेच काढतं आणि माणदेशातलं, ज्याच्या गावची नदी आठ महिने कोरडी असते, तेही हेच काढतं. कारण मुलं डोंगर बघून डोंगर काढत नाहीत. आधीच्या कुणाच्या तरी चित्रातला डोंगर काढतात.

आज ज्या माणसाबद्दल लिहितोय, त्याने एक पर्वत रंगवण्याआधी तो बघायला दोनदा दक्षिण अमेरिका गाठली. हिमनग रंगवायचा म्हणून लॅब्राडोरच्या थंडगार समुद्रात गलबत फिरवलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत सगळ्यात गाजलेला चित्रकार तोच होता. पुढे लोक त्याला विसरले, आणि मधल्या काळात चित्र काढायचा हातच आजाराने आखडला. तेव्हा त्याने काय केलं, हे मला तुम्हाला विशेष सांगायचं आहे. पण आधी सुरुवातीपासून.

फ्रेडरिकचा जन्म ४ मे १८२६ चा. गाव हार्टफोर्ड, राज्य कनेक्टिकट. वडील जोसेफ चर्च चांदीच्या वस्तूंचे आणि दागिन्यांचे व्यापारी, चांगले पैसेवाले. थोरांची चरित्रं सांगताना आपण बऱ्याचदा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास वगैरे आणतो. इथे तसलं काही नाही. मुलाला चित्रं काढायची होती आणि शिकवणीचा खर्च करायची बापाची ऐपत होती. हे मुलांनाही सरळ सांगावं असं मला वाटतं. ऐपत होती म्हणून वाट सोपी झाली, पण पुढचं चालणं त्याचं त्यालाच करावं लागलं.

हार्टफोर्डमध्ये डॅनियल वॉड्सवर्थ नावाचे कलेचे मोठे आश्रयदाते राहात. गावातलं वॉड्सवर्थ अथेनियम हे संग्रहालय त्यांनीच उभं केलेलं. त्यांच्या शब्दामुळे १८४४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, फ्रेडरिकला थॉमस कोल यांच्याकडे शिकायला मिळालं. कोल हे तेव्हाचे अमेरिकेतले पहिल्या मानाचे निसर्गचित्रकार. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या पश्चिम काठावर कॅटस्किल गावात त्यांचं घर होतं. घरासमोर कॅटस्किलचे डोंगर. कोल आणि त्यांच्या मागून आलेल्या चित्रकारांना मिळून 'हडसन रिव्हर स्कूल' म्हणतात. 'स्कूल' म्हटल्यावर घंटा-फळा असलेली शाळा डोळ्यांपुढे आणू नका. आपल्याकडे गाण्यातलं घराणं असतं ना, ग्वाल्हेर, किराणा, तसं हे निसर्गचित्रांचं घराणं समजा.

कोल यांची शिकवण्याची रीत बघण्यासारखी होती. शिष्याला घेऊन ते डोंगरात, नदीकाठी भटकत. तिथे पेन्सिलीने आराखडा करायचा, कुठे कुठला रंग आहे, उजेड कुठून पडलाय ते शब्दांत बाजूला टिपायचं आणि घरी येऊन मग रंगवायचं. म्हणजे आधी डोळ्यांचं काम, नंतर आठवणीचं आणि सगळ्यात शेवटी हाताचं. आपण वर्गात हा क्रम नेमका उलटा करतो, नाही का? या भटकंतीतच एकदा कोल त्याला नदीच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर घेऊन गेले होते. तिथून सगळी नदी, पलीकडचं कॅटस्किल आणि मागचे निळे डोंगर दिसतात. ती जागा लक्षात ठेवा.

दोन वर्षं शिकणं झालं. १८४६ साली फ्रेडरिकने हार्टफोर्ड वसवायला निघालेल्या जुन्या वसाहतकऱ्यांचं रानातून जाणारं चित्र काढलं. ते वॉड्सवर्थ अथेनियमने १३० डॉलरला घेतलं. १८४८ च्या फेब्रुवारीत कोल अचानक वारले, अवघ्या ४७ व्या वर्षी. गुरूच्या स्मरणार्थ शिष्याने त्याच वर्षी एक चित्र केलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनने चर्च यांना पूर्ण सभासद करून घेतलं. वय तेवीस. इतका लहान सभासद अकॅडमीने आधी घेतलेला नव्हता.

आता या गोष्टीत एक पुस्तक येतं. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचा 'कॉसमॉस' हा ग्रंथ. हम्बोल्ट तरुणपणी अँडीज पर्वतात हिंडले होते. पायथ्याला केळी-ताडाचं दमट जंगल, त्याच्या वर वेगळी झाडं, आणखी वर नुसतं गवत, मग खडक आणि माथ्यावर बर्फ. एकाच पर्वतावर चढत गेलं की जणू विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे सगळे पट्टे भेटतात, हे त्यांनी मांडलं. भूगोलाच्या शिक्षकांना हे चांगलंच ओळखीचं. चित्रकारांनी उष्ण कटिबंधात जावं, तिथली झाडं नीट पारखून रंगवावीत, असंही हम्बोल्टना वाटत असे. वाचणारे पुष्कळ होते. चर्च यांनी बॅगा भरल्या.

१८५३ साली ते पहिल्यांदा कोलंबिया आणि इक्वेडोरला गेले. बरोबर सायरस फील्ड नावाचे व्यापारी होते. पुढे अटलांटिक समुद्राच्या तळाशी तारेची केबल टाकण्याचा उद्योग करणारे फील्ड ते हेच. १८५७ मध्ये चर्च पुन्हा इक्वेडोरला गेले. खेचरावर बसून, पावसापाण्यात, ज्वालामुखींच्या आजूबाजूला. पानं, वेली, ढग, खडकांच्या भेगा, सगळ्यांचे कच्चे आराखडे करत. दुसऱ्या फेरीच्या सुमारासच त्यांचं 'नायगारा' लोकांसमोर आलं. साडेसात फूट रुंदीचा कॅनव्हास. त्यात बघणाऱ्याच्या पायाखाली जमीनच ठेवलेली नाही. आपण थेट धबधब्याच्या कडेवर, पाण्यावर तरंगत उभे आहोत असं वाटतं. नायगारा पूर्वी कितीतरी जणांनी रंगवला होता, पण पाणी असं कुणालाच सापडलं नव्हतं. ते चित्र इंग्लंडला गेलं, तिथेही गाजलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

आणि मग १८५९ साल. चित्राचं नाव 'हार्ट ऑफ द अँडीज'. साडेपाच फूट उंच, जवळजवळ दहा फूट रुंद. समोर जंगल आणि छोटासा धबधबा, मध्ये मैदान आणि खेडं, पलीकडे तपकिरी डोंगररांग आणि डाव्या हाताला खूप लांब बर्फाने मढलेला चिंबोराझो. ही एकच एक जागा नव्हे बरं. इक्वेडोरमध्ये असं ठिकाण शोधायला गेलात तर सापडणार नाही. ठिकठिकाणचे आराखडे जोडून, हम्बोल्टनी सांगितलेले सगळे पट्टे एका नजरेत यावेत म्हणून ते रचलेलं आहे. पण त्यातलं पान न् पान बघितलेलं आहे.

न्यूयॉर्कच्या टेन्थ स्ट्रीट स्टुडिओ बिल्डिंगमध्ये ते एकटंच चित्र मांडलं होतं. खोलीत अंधार, उजेड फक्त चित्रावर. चौकट खिडकीसारखी भलीमोठी, गडद लाकडाची, आजूबाजूला पडदे. म्हणजे आपण खोलीत बसून खिडकीतून अँडीज बघतोय. तिकीट २५ सेंट. लोकांना सांगितलं होतं की येताना दुर्बीण आणा, नाटकाला नेतात तसली छोटी. कारण लांबून सगळं चित्र दिसतं, पण खेड्यातलं चर्च, क्रूसापाशी थांबलेली दोन माणसं, फांदीवरचा पक्षी, हे असं शोधायला लागतं. तीनेक आठवड्यांत बारा हजारांहून जास्त माणसं तिकीट काढून येऊन गेली. एका चित्रासाठी! रस्त्यावर रांगा लागत. शेवटी ते दहा हजार डॉलरला विकलं गेलं. तोपर्यंत हयात अमेरिकन चित्रकाराला इतकी किंमत कुणी दिली नव्हती. १३० डॉलरच्या चित्राला तेव्हा फक्त तेरा वर्षं झाली होती.

हा प्रयोग तुम्हाला वर्गात सहज करता येईल. चित्राची मोठी छपाई भिंतीवर लावा किंवा प्रोजेक्टरवर दाखवा. कागदाची सुरनळी करून प्रत्येकाच्या हातात द्या आणि एका वेळी एकाच तुकड्यावर डोळा रोखायला सांगा. डावीकडे खाली झाडाच्या खोडावर उजेडात काहीतरी कोरलेलं आहे, ते काय, असं विचारा. ती चर्च यांची सही आणि साल आहे. मुलांना ती सापडली की वर्गात जो गलका होतो तो होऊ द्यावा. घरी पालकांनी मोबाईलवर दाखवलं तरी चालेल, फक्त बोटांनी चित्र मोठं करायचं काम मुलाकडे द्या, आपण करू नका.

चर्च यांची मनापासून इच्छा होती की हे चित्र बर्लिनला जावं आणि म्हाताऱ्या हम्बोल्टनी ते बघावं. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ते डोंगर पाहिले, त्यांना ते पुन्हा दाखवायचे होते. बेत ठरत होता. पण न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन चालू असतानाच, ६ मे १८५९ रोजी, हम्बोल्ट वारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' बाजारात आलं. निसर्ग म्हणजे एक सुसंगत, शांत मांडणी, हे हम्बोल्टचं आणि चर्च यांचं चित्र. आणि निसर्ग म्हणजे जगण्याची झटापट, हे डार्विनचं. दोन्ही एकाच वर्षात समोरासमोर आली. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे साल चित्रकलेच्या शिक्षकांबरोबर बसून शिकवावं, तास सुंदर होईल.

१८६० मध्ये चर्च यांनी इझाबेल कार्न्स यांच्याशी लग्न केलं. लग्नाच्या आधी त्यांनी जमीन घेतली होती, १२६ एकरांचं शेत. कुठे? हडसनच्या पूर्व काठावर, कोल यांच्या घराच्या बरोबर पलीकडे. तीच मघाची बाजू. तिथे छोटं घर बांधलं आणि संसार मांडला. जमिनीचा आणि शेताचा हिशेब पुढे बरीच वर्षं बघत होते ते थिओडोर कोल, म्हणजे गुरूंचे चिरंजीव.

१८६१ च्या एप्रिलमध्ये हिमनगांचं मोठं चित्र तयार झालं, आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू होऊन दोनच आठवडे होत आले होते. चर्च यांनी चित्राला 'द नॉर्थ' असं नाव दिलं, तिकिटाचे पैसे सैनिकांच्या कुटुंबांसाठी दिले. पण घेणारा कुणी पुढे आला नाही. दोन वर्षांनी चर्च यांनी त्यात मोडक्या जहाजाची डोलकाठी रंगवली आणि चित्र लंडनला नेलं. तिथे एका रेल्वेवाल्या धनिकाने ते घेतलं. या चित्राकडे आपण परत येऊ.

युद्धाने मित्रही नेला. अँडीजच्या चित्रावर पुस्तिका लिहिणारे थिओडोर विन्थ्रॉप पहिल्या काही महिन्यांतच लढाईत पडले. आणि युद्ध संपत आलं तेव्हा, मार्च १८६५ मध्ये, चर्च यांच्या घरात घटसर्प शिरला. हर्बर्ट अडीच वर्षांचा, एमा पाच-सहा महिन्यांची. आठ-दहा दिवसांच्या आत दोघंही गेली. त्या वेळी या रोगावर लस नव्हती, औषध नव्हतं. पैसा, नाव, ओळखी, काही म्हणजे काही उपयोगाला आलं नाही. आज आपल्या शाळेत मुलांना डांगी खोकला, धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशी दिल्या जातात तेव्हा 'घटसर्प' हा शब्द आपण किती सहज उच्चारून जातो.

नवराबायको जमैका बेटावर जाऊन राहिले. इझाबेलबाई तिथले नेचे, म्हणजे फर्न, गोळा करून कागदात दाबून ठेवत. चर्च डोंगर आणि ढग रंगवत. तिथल्या आराखड्यांवरून केलेलं पावसाळी दरीचं एक मोठं चित्र एलिझाबेथ कोल्ट यांनी मुद्दाम करून घेतलं होतं. बंदुका बनवणाऱ्या कोल्टच्या त्या विधवा. त्यांनीही नवरा आणि लहान मुलं गमावलेली होती. ते चित्र आता हार्टफोर्डच्या त्याच वॉड्सवर्थ अथेनियममध्ये आहे.

त्यानंतर चर्च दांपत्याला चार मुलं झाली. एकाचं नाव थिओडोर विन्थ्रॉप ठेवलं.

१८६७ साली त्यांनी शेताच्या वरचा टेकडीचा माथा विकत घेतला आणि सगळं कुटुंब घेऊन युरोप आणि पश्चिम आशियाच्या लांबच्या प्रवासाला निघाले. बैरूत, जेरुसलेम, दमास्कस, पुढे ग्रीस. इझाबेलबाई बाळाला घेऊन बैरूतला थांबल्या आणि चर्च उंटावरून वाळवंट तुडवत पेट्राला जाऊन आले. खडकात कोरलेल्या त्या वास्तूचं चित्र त्यांनी नंतर बायकोला भेट दिलं. ते घराच्या बैठकीत शेकोटीच्या वर टांगलेलं असतं. टेकडीवरचं घर कसं असावं, हे या प्रवासात त्यांच्या मनात पक्कं झालं. दमास्कसची जुनी घरं त्यांनी आतून पाहिली होती. मध्ये चौक, भोवती खोल्या. आपल्या वाड्यासारखंच की! पण न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात उघडा चौक परवडणार नाही, म्हणून मध्ये छप्पर असलेलं दालन आणि त्याच्या चारी बाजूंना खोल्या असा आराखडा केला.

कॅल्व्हर्ट वॉक्स हे वास्तुकार मदतीला होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन रचनाकारांपैकी एक. पण नक्षी, रंग, कमानी, सज्जे हे सगळं चर्च स्वतः कागदावर काढत. शेकडो आराखडे. भिंतीवर आणि दारांवर छापायच्या नक्षीचे साचे त्यांनीच आखले आणि त्यात सोनेरी-रुपेरी चमकीचे रंग वापरले. प्रत्येक खोलीचा रंग पॅलेटवर मिसळून कारागिराला द्यायचे. जिन्याच्या खिडकीत दगडी जाळी हवी होती, तर त्यांनी कागदात नक्षी कातरली आणि ती पिवळसर काचांच्या मध्ये बसवली. पतंगाच्या कागदाचे आकाशकंदील करणाऱ्या आपल्या मुलांना ही युक्ती लगेच कळेल. १८७२ मध्ये कुटुंब राहायला आलं. पुढे घराला 'ओलाना' नाव पडलं.

स्पष्टच सांगायचं तर हे घर अस्सल इराणी वगैरे नाही. चर्च इराणला कधी गेलेच नाहीत; तिथल्या वास्तू त्यांनी पुस्तकांतून पाहिल्या. एका श्रीमंत अमेरिकनाने लांबच्या देशांतलं आवडेल ते उचलून केलेली ही गोधडी आहे. काहींना ती अती वाटते. मला मात्र खिडक्या आवडतात. प्रत्येक मोठी खिडकी अशी बसवली आहे की तिच्यातून नदी किंवा डोंगर चित्रासारखा चौकटीत यावा.

आपल्याकडचा एक धागाही इथे येतो. चर्च यांचे तरुण नातेवाईक आणि शिष्य लॉकवूड डी फॉरेस्ट हेही निसर्गचित्रकार होते, पण घरसजावटीकडे वळले आणि लुईस कम्फर्ट टिफनी यांच्याबरोबर काम करू लागले. १८८१ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि अहमदाबादला मगनभाई हाथीसिंग यांच्याबरोबर लाकडी कोरीव कामाचा कारखाना सुरू केला. गुजरातच्या सुतारांनी कोरलेलं सागवान तिथून अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत जाऊ लागलं. या प्रवासात त्यांची गाठ जॉन लॉकवूड किपलिंग यांच्याशी पडली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आधी दहा वर्षं शिकवून लाहोरला गेलेले किपलिंग ते हेच.

आता हाताची गोष्ट. १८७० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत चर्च यांना संधिवाताने गाठलं. उजवा हात आखडत गेला. पन्नाशी नुकतीच येत होती. दहा फुटी कॅनव्हासवर पान न् पान रंगवणाऱ्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. ते डाव्या हाताने रंगवायला शिकले. लहान चित्रं जमत, मोठी होईनात. त्यातच लोकांची आवड पालटली. फ्रान्सकडची सैलसर, धूसर चित्रं आवडू लागली आणि चर्च यांचं बारीक काम जुनाट ठरलं. ज्यांच्या दारात रांगा लागत त्यांचं नाव वर्तमानपत्रांत दिसेनासं झालं.

चर्च यांनी मग हाताखाली कॅनव्हास न घेता अडीचशे एकर जमीन घेतली. दलदल होती तिथे खणून तळं केलं. हजारो झाडं लावली. मैलोगणती रस्ते आखले, आणि ते असे की घोडागाडी वळणाआडून बाहेर आली की एकदम नदी समोर यावी, पुढे झाडांआड लपावी, मग पुन्हा डोंगर दिसावा. स्टुडिओत कॅनव्हास आणि रंगांशी झगडण्यापेक्षा अशी निसर्गचित्रं जास्त आणि बरी होतात, असं त्यांनी एका शिल्पकार मित्राला पत्रातून कळवलं होतं. १८८८ ते १८९१ या काळात त्यांनी घराला नवा स्टुडिओही जोडला, तोही वास्तुकाराशिवाय. हिवाळ्यात हात दुखे म्हणून मेक्सिकोला जात. १८९५ मध्ये इझाबेलबाईंच्या वाढदिवसाला त्यांनी मेन राज्यातल्या कटाडिन डोंगराचं एक लहानसं चित्र काढून दिलं. त्यात सरोवराच्या पाण्यात एकच होडी आहे.

१८९९ मध्ये इझाबेलबाई गेल्या. ७ एप्रिल १९०० रोजी न्यूयॉर्कमध्ये चर्चही गेले. हार्टफोर्डच्या दफनभूमीत कुटुंबासोबत त्यांना पुरलं. ज्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या स्थापनेत ते विश्वस्त होते, त्याने त्याच वर्षी त्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यानंतर अर्धं शतक बहुतेक शांतता.

ओलानात त्यांचा मुलगा लुईस आणि सून राहात. सूनबाईंनी सासऱ्यांच्या वेळची मांडणी हलवली नाही. १९६४ मध्ये त्या वारल्या तेव्हा घर आणि सामान लिलावात जाणार असं ठरत आलं होतं. डेव्हिड हंटिंग्टन हे कलेचे अभ्यासक धावपळीला लागले, वर्गणी जमवली, माणसं जमवली, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ओलाना ताब्यात घेतलं. आज ते कुणालाही बघता येतं.

राहिलं हिमनगांचं चित्र. ते घेणारे रेल्वेवाले म्हणजे एडवर्ड वॉटकिन. मँचेस्टरजवळच्या त्यांच्या रोझ हिल या घरात ते लागलं होतं. घराचे मालक बदलले, चित्राचा पत्ता कलाजगत हरवून बसलं. रोझ हिलमध्ये पुढे मुलांचं सुधारगृह आलं. चित्र तिथेच जिन्याच्या वळणावर टांगलेलं, आणि मुलं त्याच्यासमोरून वर-खाली करत होती. १९७९ साली ते ओळखलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पंचवीस लाख डॉलर आले, तोवरच्या कुठल्याही अमेरिकन चित्रापेक्षा जास्त. आता ते टेक्सासमध्ये, डॅलसच्या कलासंग्रहालयात आहे. मोडकी डोलकाठी खाली, अगदी पुढे, बर्फावर पडलेली दिसते.